लॅपटॉपला झिणझिण्या येतायत? गाडीतले प्लग पॉइंट असे तपासा

आमची गाडी, म्हणजे राहायच्या-झोपायच्या सोयीची केलेली व्हॅन, तयार होऊन दारात आली, त्या पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत होतं. पंखा फिरत होता, मोबाइल चार्ज होत होते. मग एका शनिवारी मुळशीच्या बाजूला एका शेतघराच्या अंगणात गाडी लावली आणि घरमालकांकडून वायर ओढून घेतली. पहिली गोष्ट अशी झाली की लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकवलं की झिणझिण्या येऊ लागल्या. थोड्या वेळाने आमचा फ्रिज सुरू झाला आणि ओसरीवरून आवाज आला, "दादा, तुमचं काहीतरी चालू झालं की आमच्या घरातली लाइट जाते बघा."

दोन्ही दोष आमच्याच गाडीत होते. घरात येऊन वायरमनने तासभर डोकं खाजवलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं. पुढे महिनाभर एकेक बोर्ड उघडत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती आधी सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे.

व्हॅनचं मोटरहोम करताना तिला दोन वेगळ्या कारागिरांचे हात लागतात. एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या लेखी बॅटरीची निगेटिव्ह म्हणजे चेसिस, गाडीचा लोखंडी सांगाडा. दिवा लावायचा तर एक तार ओढायची आणि दुसरी जवळच्या बोल्टला कसायची. दुसरा घरांची कामं करणारा वायरमन. त्याच्या लेखी लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि इन्व्हर्टर म्हणजे फेजची एक तार फिरवायची, न्यूट्रल अख्ख्या घराला एकच. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण गाड्यांवाल्याला काळी तार दिसते आणि तो सवयीने ती चेसिसला जोडतो. घरवाला इन्व्हर्टरची न्यूट्रल वेगळी ठेवायची असते हे विसरतो. गाडीतल्या प्लग पॉइंटचे जे दोष मी पाहिले, त्यातले बहुतेक या दोघांच्या कामाच्या सांध्यावर होते. म्हणून शोधायचं तेही तिथेच.

काय काय लागेल

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चांगला मल्टिमीटर मिळतो. त्यावर कॅट-३, ६०० व्होल्ट (हा सुरक्षेचा दर्जा) असं लिहिलेलं बघून घ्या. सोबत एक मगर-चिमटा आणि गाडीच्या लांबीएवढी, म्हणजे सहा-सात मीटर, एकेरी तार.

एक वस्तू घरीच करावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच सॉकेटला आतून शटर असतं, आणि वरची जाड पिन आत गेली तरच खालची दोन भोकं उघडतात. लोक वरच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून खाली मीटरच्या कांड्या घालतात. ते करू नका. एक थ्री-पिन टॉप घ्या, त्याला हातभर थ्री-कोअर वायर जोडा आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची कनेक्टर पट्टी लावून ती छोट्या डबीत पक्की करा. या पट्टीचे स्क्रू आत दबलेले असतात. कांडीचं टोक पोहोचतं, बोट पोहोचत नाही. ६ अँपिअरची एक आणि १६ अँपिअरची एक अशा दोन डब्या केल्या की झालं. पट्टीवर फेज, न्यूट्रल, अर्थ असं ठळक लिहा.

लिहिताना एक फसगत होते, ती माझीही झाली. सॉकेटकडे समोरून बघितलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण पिन टॉप हातात धरून पिनांकडून बघितलं की तो आरसा होतो, म्हणजे फेज डावीकडे. त्यामुळे डावं-उजवं पाठ करण्यापेक्षा पिन टॉप उघडा आणि आत स्क्रूजवळ कोरलेलं अक्षर बघा. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल. गाडीतून बाहेर जाणारी वायर कुणीतरी हातोहात बदलली असेल तर ती इथेच उलटी झालेली असते.

आधी मेलेल्या तारांवर तपासणी

नवख्याने सुरुवात करायची ती वीज पूर्ण तोडून. बाहेरची वायर भिंतीतून काढून तिचं टोक स्वतःच्या डोळ्यांसमोर गाडीत आणून ठेवा. इन्व्हर्टरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, बॅटरीकडचा मोठा फ्यूज काढा. १२ व्होल्टवर १००० वॅट ओढायला ८०-९० अँपिअर लागतात. अशा तारेवर पाना आडवा पडला तर तो हातात धरवणार नाही इतका तापतो. मग सगळी उपकरणं प्लगमधून काढा, बॅटरी चार्जर कायमचा जोडलेला असेल तर तोही सोडवा. एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच), आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला प्रवाह जुळला नाही की पडणारा स्विच) आणि बोर्डावरची सगळी बटणं मात्र चालू करून ठेवा आणि चेंजओव्हर, म्हणजे बाहेरची वीज की इन्व्हर्टर हे निवडणारा स्विच, बाहेरच्या विजेकडे फिरवा. मीटरने एकदा व्होल्टेज शून्य आहे याची खात्री करा.

आता मीटर बीप वाजवणाऱ्या खुणेवर, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. मगर-चिमटा बाहेरच्या वायरच्या अर्थ पिनेला लावा, लांब तार मीटरला, आणि दुसरी कांडी घेऊन एकेका बोर्डाशी जा. अर्थवर बीप, फेजवर आणि न्यूट्रलवर शांतता, असं प्रत्येक ठिकाणी हवं. मग चिमटा न्यूट्रल पिनेला लावून तीच फेरी, मग फेजला लावून. तीन फेऱ्या आणि सहा बोर्ड, अर्ध्या तासाचं काम. कागदावर तक्ता करत जा. नाही तर चौथ्या बोर्डापाशी आधीचं काहीच आठवत नाही.

ही कंटाळवाणी फेरी मी सगळ्यात वर ठेवतो, कारण एक दोष फक्त इथेच सरळ सापडतो. एखाद्या सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली असेल, तर वीज चालू असताना मीटर सगळं ठीक दाखवतो. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ २३०. तीन दिव्यांचा तयार सॉकेट टेस्टरही हिरवा कौल देतो. आणि आत तुमच्या किटलीचा सगळा प्रवाह अर्थच्या तारेतून, गाडीच्या पत्र्यावरून परत जात असतो. आरसीसीबी असेल तर तो किटली लावताक्षणी पडतो, आणि लोक म्हणतात किटली खराब आहे.

शेवटी अर्थवरून चेसिसकडे. रंग नसलेल्या धातूवर, सीटच्या एखाद्या बोल्टवर कांडी टेकवा. मीटर ओहमवर घेतला तर एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. जास्त आलं तर बहुतेक लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच कसलेला असतो. तिथला रंग खरवडून दातेरी वॉशर टाकून पुन्हा कसा. आणि न्यूट्रल ते चेसिस? तिथे बीप अजिबात वाजता कामा नये. माझ्याकडे वाजला. काळी तार थेट चेसिसच्या बोल्टवर, नीट लग लावून, अगदी सुबक. मुळशीच्या घरातली लाइट का जात होती ते त्या बोल्टवर समजलं. आमच्या फ्रिजचा परतीचा प्रवाह न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही वाटांनी जात होता, आणि त्यांच्या आरसीसीबीला ते बरोबर कळत होतं.

हा जोड त्या दिवशी नुसता त्रासदायक ठरला. पण घरमालकांच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असते आणि त्यांच्याकडची अर्थ तुटलेली असती, तर आमचा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर गेला असता. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. शॉक बसतो तो ओल्या मातीत उभं राहून दाराची मूठ धरणाऱ्याला. ताम्हिणीच्या पावसात कोण तसा उभा राहत नाही?

मग जिवंत तारांवर

वरची फेरी निर्दोष झाली तरच पुढे. चार्जर तसाच सुटा राहू द्या. हात कोरडे, पायात चप्पल, उपकरणं अजून काढलेलीच. मीटर एसी व्होल्टवर, लाल कांडी व्होल्टच्या भोकातच आहे ना ते बघा. अँपिअरच्या भोकात राहून गेली तर आत शॉर्ट होतो आणि मीटर फुटू शकतो. बाहेरची वायर घरच्या खात्रीच्या पॉइंटला लावा आणि डबी घालून प्रत्येक बोर्डावर तीन आकडे घ्या.

फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. आपल्याकडे १० टक्के इकडेतिकडे धरतात, म्हणजे २०७ ते २५३. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. असं आलं की पुढच्या बोर्डाकडे चला.

फेज ते न्यूट्रल बरोबर, पण "फेज" ते अर्थ शून्य आणि "न्यूट्रल" ते अर्थ २३० आलं तर तारा उलट्या आहेत. मोबाइल चार्जर, लॅपटॉप, मिक्सर सगळं चालतं, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपतो. पण बोर्डावरचं बटण मग न्यूट्रल तोडतं. बटण बंद केलं तरी इस्त्रीच्या आत फेज बसलेलीच असते. सगळ्या बोर्डांवर उलटं असेल तर चूक बाहेरच्या वायरमध्ये किंवा एमसीबी असलेल्या मेन डबीत, एकाच बोर्डावर असेल तर त्या बोर्डामागे.

अर्थवरचे दोन्ही आकडे अधांतरी आले, कुठे ६०, कुठे ११०, आणि कांडी हलवली की बदलणारे, तर अर्थ पोहोचतच नाही. शेजारच्या तारांमुळे मीटरला नुसती सावली दिसते आहे. लॅपटॉपच्या झिणझिण्या इथल्याच. थ्री-पिन अॅडॉप्टरच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटली की लॅपटॉपचा पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह इवलासा असतो, त्यातून सहसा इजा होत नाही. पण त्याच बोर्डावर उद्या पत्र्याची इस्त्री लागणार असते. आमच्याकडे हिरवी तार सॉकेटपर्यंत आली होती, स्क्रूखाली घातलीच नव्हती.

फेज ते न्यूट्रल शून्य आणि फेज ते अर्थ २३० म्हणजे न्यूट्रल तुटली. इथे आपला नेहमीचा टेस्टर छान गंमत करतो. त्या सर्किटवर एखादं उपकरण चालू असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, कारण फेज उपकरणातून वळून न्यूट्रलच्या भोकात येऊन बसलेली असते. उपकरण काढलं की एकाच भोकात. "दोन्हीकडे करंट येतोय, डबल फेज झालंय" असं कुणी म्हणालं की न्यूट्रलचा सुटा स्क्रू शोधायला लागा. तिन्ही आकडे शून्य असतील तर आधी एमसीबी आणि बटण बघा. हसू नका, मी एकदा सगळा बोर्ड उघडल्यावर बटण दाबलं आहे.

आकडे पटले की एकेका बोर्डावर खरा भार लावा. ६ अँपिअरच्या पॉइंटवर टेबललॅम्प, १६च्या पॉइंटवर किटली. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, म्हणजे ६च्या सॉकेटला ती कन्व्हर्टर पिन लावून जोडायचीच नाही. भार असताना व्होल्टेज एकदम दहा-पंधरा व्होल्टने पडलं तर कुठेतरी जोड सैल आहे. सॉकेटचा पृष्ठभाग कोमट लागला तर तोच तो.

जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थिंग तपासतात. तत्त्व बरोबर आहे, कारण मीटर गंजलेल्या अर्थलाही २३० दाखवतो आणि बल्ब मात्र मंद पेटतो. पण गाडीत हे तुम्ही करू नका. अर्थ मध्येच तुटलेली असेल तर बल्बमधून फेज सरळ चेसिसवर येते.

इन्व्हर्टरचं प्रकरण

बाहेरच्या विजेवर सगळं नीट आहे म्हणजे इन्व्हर्टरवरही नीट असेल असं नाही. दोन्ही उगम वेगळे तपासायचे.

प्रथम पुन्हा मेलेल्या अवस्थेत जा आणि चेंजओव्हर इन्व्हर्टरकडे फिरवा. चिमटा बाहेरच्या वायरच्या न्यूट्रल पिनेला, कांडी सॉकेटच्या न्यूट्रलला. बीप वाजता कामा नये. वाजला तर घरातली सवय गाडीत आली आहे. चेंजओव्हरने फक्त फेज बदलली आणि न्यूट्रल दोन्हींना सामाईक राहिली. घरच्या इन्व्हर्टरला हे चालतं, कारण तो मुळात तसाच बनवलेला असतो. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सुट्या इन्व्हर्टरला चालेलच असं नाही. एखादा जळतो, एखादा चालतच नाही. आणि जो चालतो त्याच्या बाबतीत इन्व्हर्टरची एक तार अंगणात लोळणाऱ्या वायरच्या उघड्या पिनेपर्यंत पोहोचलेली असते. उपाय एकच, दोन पोलचा चेंजओव्हर, मध्ये ऑफ असलेला, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम सुटतील आणि मगच दुसरीकडे लागतील.

मग फ्यूज बसवा, इन्व्हर्टर चालू करा आणि तेच तीन आकडे घ्या. फेज ते न्यूट्रल २३०, पण दोन्हींपासून अर्थपर्यंत ११५च्या आसपास, असं दिसलं तर घाबरून बोर्ड उघडू नका. इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं आहे, म्हणजे त्याची कुठलीच तार चेसिसला बांधलेली नाही. सॉकेटचा दोष नाही. पण यात एक मेख आहे. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जवळजवळ शोभेचा असतो. पत्र्याला तार टेकली तरी प्रवाहाला परत जायला वाटच नसते, त्यामुळे तो पडत नाही. दुसरी तार टेकेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. त्याचं टेस्टचं बटण दाबलं तर तो टपकन पडतो, कारण ते बटण आतल्या आतच फेज-न्यूट्रलवर चालतं. त्यावरून संरक्षण आहे असं समजू नका.

चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) असतो. बॅटरीवर चालताना तो न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडतो, आणि बाहेरची वीज आली की सोडतो. साध्या इन्व्हर्टरवर हा जोड बाहेरून द्यायचा असेल तर त्याच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी हवी. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरची रचना बऱ्याचदा अशी असते की न्यूट्रल चेसिसला लागली की धूर. आणि परवानगी असली तरी तो जोड चेंजओव्हरच्या इन्व्हर्टरकडच्या बाजूलाच हवा, म्हणजे बाहेरची वीज घेताना आपोआप सुटेल. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण त्याला हा परिच्छेद दाखवा. चौकोनी वेव्हवर साधा मीटर आकडाही चुकीचा दाखवतो, १८० वगैरे दिसलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

बोर्ड उघडून दुरुस्त करताना

रंगावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेजचे रंग आहेत आणि काळा न्यूट्रलचा. उपकरणांच्या वायरमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. वर घरवाले वायरमन इन्व्हर्टरची फेज ओळखू यावी म्हणून तिलाच निळी घालतात. म्हणजे एकाच डबीत एक निळी फेज आणि एक निळी न्यूट्रल शेजारी नांदतात. त्यात १२ व्होल्टची लाल-काळी जोडीही त्याच पाइपातून आलेली असेल तर ती बाहेर काढून वेगळ्या वाटेने न्या. प्रत्येक तारेला टेप लावून नाव लिहा. हिरवा रंग अर्थशिवाय कशालाही नको.

तार बहुतंतू तांब्याचीच हवी, ६च्या पॉइंटला १.५ आणि १६च्या पॉइंटला २.५ स्क्वेअर एमएम. एकेरी जाड तार घराच्या भिंतीत वर्षानुवर्षं टिकते, पण वरंधा घाटातून चार वेळा जाऊन आली की स्क्रूपाशी तुटते. टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून मगच स्क्रूखाली घाला. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवं. दुरुस्ती झाली की मेलेल्या तारांची फेरी पुन्हा पहिल्यापासून करा, फक्त दुरुस्त केलेल्या बोर्डाची नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू एकदा कसून घ्या.

दुसऱ्याच्या अंगणात वायर लावण्याआधी

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण पुण्याभोवती आपण गाडी लावतो ती बहुतेकदा पवना, पानशेत किंवा भोरकडे कुणाच्या तरी शेतघरी. तिथला पॉइंट कसा आहे हे घरमालकांनाही माहीत नसतं. म्हणून आधी डबी त्यांच्या सॉकेटला लावा आणि तिन्ही आकडे बघा. "काका, जरा प्लग बघून घेतो, आमची गाडी नाजूक आहे," असं म्हटलं की कुणी वाईट मानत नाही.

उलटे असेल तर दुसरा पॉइंट मागा. तुमच्या मेन डबीत दोन पोलचा एमसीबी असेल तर निदान दोन्ही तारा एकदम तुटतात, पण एकेरी असेल तर उलट्या पॉइंटवर रात्र काढू नका. अर्थ नसेल तर वायर लावायचीच नाही, दोन पिनांचं एक्स्टेंशन तर नाहीच नाही. मोटरच्या किंवा गीझरच्या पॉइंटला अर्थिंग आहे का विचारून, मोजून बघा. कुठेच नसेल तर त्या रात्री इन्व्हर्टरवर दिवे, पंखा, मोबाइल, आणि चहा गॅसवर.

सगळं जुळलं तरी एक शेवटचं. वायर लावल्यावर गाडीत चढण्याआधी, जमिनीवर उभं राहून मीटरची एक कांडी दाराच्या उघड्या धातूला आणि दुसरी ओल्या मातीत खोचलेल्या लांब स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला लावा, दाराला हात न लावता. दोन-चार व्होल्ट ठीक. त्याहून जास्त आकडा आला तर पत्र्याला किंवा दाराला स्पर्श न करता आधी भिंतीतला प्लग काढा.